पाटे वाढवले तरी गाडी डावीकडेच बसलेली: १९५१ च्या शेवरोलेट पिकअपच्या मागच्या कमानींचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी शेवरोलेट ३१००, अर्ध्या टनाची पिकअप, १९५१ ची. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना काढला आणि १९५४ मध्ये बंद केला. ही गाडी त्या शेवटच्या वर्षांत तिथूनच निघालेली, असं घरचे सांगतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ११६ इंच, सहा सिलिंडरचं २१६ घनइंची इंजिन, पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडे ती दुसऱ्या पिढीपासून आहे. घराचं आणि गावाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही.

या गाडीने काम केलंय. बेण्याच्या मोळ्या, खताची पोती, गुळाच्या ढेपा. मधली काही वर्षं हौद्यात डाव्या कडेला नदीचं पाणी उपसायचं इंजिन कायमचं बसवलेलं होतं आणि गाडी त्याला घेऊन शेतोशेत फिरायची. नंतर ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी राहिली. आताच्या मालकांनी इंजिन आणि ब्रेकचं काम आधीच करून घेतलेलं होतं. मागची बाजू तेवढी राहिली होती: कमानी, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांचे स्प्रिंग.

त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. जुन्या गाड्यांच्या रॅलीला गाडी स्वतःच्या चाकांवर न्यायची, आणि तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची. केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या, खासगी वापरातल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. ही अट पुढे प्रत्येक निर्णयात आडवी आली, आणि माझ्या मते ती आली हे बरंच झालं.

या कामात मोजमाप आणि नियोजन माझ्याकडे होतं. पाना मिस्त्रींच्या हातात.

अडचण काय होती

मालकांची तक्रार सरळ होती: गाडी मागून डावीकडे झुकते, खड्ड्यात गेली की पाठीत दणका बसतो, आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग जरा डावीकडे धरून ठेवावं लागतं. मागून येणाऱ्याला ती तिरकी चालताना दिसायची.

यात एक विसंगती होती. बसलेली कमान सहसा मऊ असते. ही बाजू खाली बसलेलीही होती आणि दगडासारखी ताठही. डाव्या कोपऱ्यावर दोन माणसं उभी राहिली तरी ती जेमतेम हलायची.

याआधी एका गॅरेजमध्ये यावर इलाज झाला होता. डाव्या बाजूला दुसऱ्या गाडीचे दोन जादा पाटे घातले होते. तिथे मालकांना सांगितलं होतं, “आण्णा, पाटं वाढिवल्यात, आता बघा गाडी कशी सरळ हुतीया.” गाडी उचललीही गेली, पण महिन्याभरात होती तिथे येऊन बसली.

आधी मोजणी

मिस्त्रींचं मत होतं की आधी खोलावं, मग बघावं. मी आग्रह धरला तो आधी मोजायचा, कारण कमान ॲक्सलला (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) आवळून धरणारे यू-बोल्ट एकदा सुटले की कोण कुठे सरकलं होतं याचा पुरावा गेला.

गाडी सिमेंटच्या सपाट फरशीवर घेतली, चारही टायरमध्ये हवा सारखी केली. उंची मडगार्डपासून मोजली नाही. हौदा स्वतःच वाकडा असेल तर ते माप फसवतं. चाकाच्या मध्यापासून चासीच्या खालच्या कडेपर्यंत मोजलं. डावीकडे सव्वादोन इंच कमी भरलं.

मग ओळंबा सोडला. पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यातून, आणि चासीवरच्या ठरावीक भोकांतून, खाली फरशीवर खडूने खुणा केल्या. गाडी ढकलून बाजूला घेतल्यावर फरशीवर तिचा नकाशाच उरला. चासीच्या खुणांचे दोन्ही कर्ण जुळले, म्हणजे चासी पिळलेली नव्हती. मोठी काळजी तिथेच मिटली. पण पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर डावीकडे चार सूत, म्हणजे अर्धा इंच, जास्त होतं. शिवाय मागचं ॲक्सल साधारण तेवढंच उजवीकडे सरकलेलं होतं.

या दोन मापांचा मेळ लागतो तो या गाडीच्या रचनेमुळे. १९५४ पर्यंतच्या या अर्ध्या टनी शेवरोलेटला उघडा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, नसतो. शाफ्ट एका जाड नळीत बंद असतो. नळीचं मागचं टोक ॲक्सलला पक्कं बसवलेलं असतं आणि पुढचं टोक गिअरबॉक्सच्या मागे एका गोल सांध्यात फिरतं. त्यामुळे डावं चाक मागे सरकलं की अख्खं ॲक्सल त्या पुढच्या सांध्याभोवती वळतं, उजवं चाक थोडं पुढे येतं आणि मागचा भाग उजवीकडे जातो. फरशीवरच्या खुणा नेमकं हेच सांगत होत्या. तिरकं चालणं आणि डावीकडे झुकणं ही दोन वेगळी दुखणी होती. जादा पाटे घालून फार तर दुसऱ्याला हात लागला असता.

खोलल्यावर

दोन्ही कमानी एकदम काढायच्या नाहीत, हा पहिला निर्णय. दोन्ही सुटल्या तर ॲक्सल त्या नळीला धरून पुढच्या सांध्यावर लोंबकळतं, सांध्याच्या सीलवर ताण येतो आणि ब्रेकचा होजही ओढला जातो. एक बाजू बांधलेली ठेवून दुसरी काढली तर ॲक्सल जागा सोडत नाही आणि गोल सांधा उघडायची वेळच येत नाही. चासी घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर), ॲक्सलखाली जॅक, नळीच्या तोंडाखाली लाकडाचा ठोकळा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणी जायचं नाही, यावर मिस्त्री स्वतःच कडक होते.

डावी कमान बाहेर काढून बाकावर ठेवली आणि क्लिपा सोडल्या. दुसरा पाटा क्लिपच्या आत, दिसणार नाही अशा जागी तुटलेला होता. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग गंजून काळा पडलेला, उरलेला करडा आणि खरखरीत. चीर जुनी होती, तुकडा नंतर पडला. सगळ्या पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट यू-बोल्टच्या खालीच कातरला गेला होता. त्याचं डोकं ॲक्सलच्या बैठकीच्या भोकात तसंच राहिलं होतं, घासून आरशासारखं चकचकीत झालेलं. म्हणजे कमान आणि ॲक्सल यांना एका जागी धरणारा खुंटाच नव्हता. कमान नुसत्या यू-बोल्टच्या दाबावर बसली होती आणि दर खड्ड्याला चाक थोडं थोडं मागे जात होतं.

कोडं सुटलं ते जादा पाट्यांपाशी. मूळ पाटे ७ मिलिमीटर जाडीचे होते, घातलेले दोन ८ मिलिमीटरचे. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सातच्या जागी आठ म्हणजे तो पाटा एकटा जवळजवळ दीडपट ताठ. आणि हे दोन पाटे बऱ्यापैकी सपाट होते. चांगल्या कमानीत खालचा प्रत्येक आखूड पाटा वरच्यापेक्षा जास्त वाकडा असतो. सुटे एकावर एक ठेवले तर मधे फट दिसते. सेंटर बोल्ट आवळल्यावर ती फट मिटते आणि आखूड पाटे मेन पाट्याला खालून उचलून धरतात. सपाट पाटा कुणाला उचलून धरणार? तो गाडीला टिकणारी उंची देत नाही, पण कमान दबायला लागली की आडवा येतो. म्हणून डावी बाजू खाली बसलेलीही आणि ताठही.

आणखी दोन गोष्टी सापडल्या. मागच्या शॅकलच्या (कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीच्या) पिना जाम होत्या, कारण कधीतरी ग्रीसच्या निपलांवर रंग मारला गेला होता आणि ग्रीसगन तिथे पुन्हा लागलीच नव्हती. पिना ज्यात फिरतात ते बुश अंडाकृती झाले होते. डाव्या पुढच्या ब्रॅकेटचे रिव्हेट ढिले पडून चासीतली भोकं लांबट झाली होती. हातोडीने टकटक केलं की ढिला रिव्हेट आवाजातच कळतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता आहेत तेच पाटे ठोकून पुन्हा कमान काढायचा. स्वस्त, आणि एका दिवसात होणारा. पण थंडं ठोकून आणलेला बाक टिकत नाही, आणि भट्टीत लाल करून वाकवला व तसाच हवेत सोडला तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. वर एक पाटा तुटलेला होताच. मालकांचे काका या पर्यायाच्या बाजूने होते. त्यांच्या काळात गाडी अशीच चालली होती, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त त्या काळी कमान दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा ठोकली जायची, हे त्यांनी बोलता बोलता स्वतःच सांगितलं.

दुसरा पर्याय अमेरिकेतून तयार कमानी मागवण्याचा. तिकडे या गाड्यांचा चाहतावर्ग मोठा असल्यामुळे नव्याने बनवलेले बरेच सुटे भाग मिळतात. पण कमान ही वजनाची वस्तू. वाहतूक आणि सीमाशुल्क धरलं की रक्कम मूळ किमतीच्या पार पुढे जात होती. शिवाय तिकडे गाडी खाली घेण्याची आवड असल्यामुळे पुष्कळ संच मूळ उंचीचे नसतातच.

तिसरा पर्याय आधीच्या गॅरेजचा: नळी कापून टाका, नव्या पिकअपचं ॲक्सल, उघडा शाफ्ट आणि तिच्याच कमानी बसवा. एरवी मी हा पर्याय हसण्यावारी नेला नसता. ज्याला गाडी रोज कामाला लावायची आहे त्याच्यासाठी तो शहाणपणाचा आहे. सुटे भाग कोपऱ्यावर मिळतात आणि मागच्या गिअरचं गुणोत्तरही आजच्या वेगाला जुळतं. पण त्यासाठी चासीवर नवे ब्रॅकेट वेल्ड करावे लागले असते आणि नोंदणीची अट तिथेच मोडली असती.

चौथा पर्याय, जो शेवटी ठरला: उजव्या कमानीच्या नमुन्यावरून दोन्ही बाजूंचे सगळे पाटे नव्याने बनवायचे, ठिकाणच्या ठिकाणी पण नीट उष्मोपचार करून. उजवी बाजू कुणी छेडलेली नव्हती. तिचे पाटे, त्यांची लांबी, जाडी, टोकांचा आकार हे सगळं मूळ होतं. बाक मात्र तिचाही थोडा उतरलेला असणार, म्हणून किती बाक ठेवायचा हे नमुन्यावरून ठरवता येत नव्हतं.

कळीचे निर्णय

*फक्त डावी की दोन्ही?* पैसे वाचवायला डावीच करावी, असा मालकांचा कल होता. पण नवी कमान पहिल्या काही भारांत जरा बसते, जुनी बसून झालेली असते. एक नवी आणि एक जुनी घातली तर पुन्हा झुकाव, या वेळी कदाचित उजवीकडे. इथे मी अडून बसलो.

*किती कमान ठेवायची?* हौदा रिकामा असताना गाडी मागून किंचित वर असावी आणि थोड्या भाराने सपाट व्हावी, या बेताने बाक ठरवला. या गाडीचं भारासह एकूण वजन कंपनीने ४,६०० पौंड, म्हणजे सुमारे २,०८५ किलो धरलं होतं. पण ती आता गुळाच्या ढेपा वाहणार नाही. पूर्ण भाराचा विचार करून कमान ताठ केली असती तर रिकामी गाडी उड्या मारत गेली असती. पाट्यांची संख्या आणि जाडी मूळचीच ठेवली, एकही वाढवला नाही.

*उष्मोपचार कुणाकडे?* कोल्हापुरात लोखंडाचं काम करणाऱ्यांची वानवा नाही. पण पाटे वाकवणं वेगळं आणि त्यांना पाणी देणं वेगळं. सिलिकॉन-मँगनीजचं स्प्रिंग पोलाद साडेआठशे ते नऊशे अंशांपर्यंत तापवून तेलात विझवावं लागतं आणि मग साडेचारशे-पाचशेच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. ही दुसरी पायरी गाळली तर पाटा काचेसारखा तडकतो. ट्रकच्या कमानी करणारा आणि भट्टीवर तापमापक असलेला एक कारागीर शोधला. त्याला छोट्या गाडीचं काम नको होतं. दोन कमानींसाठी भट्टी लावणं परवडत नाही, हे त्याचं म्हणणं रास्तच होतं. ट्रकच्या पाट्यांची पुढची घाणी लागेपर्यंत थांबायचं कबूल केल्यावर त्याने होकार दिला. सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ या थांबण्यात गेला.

*रिव्हेट की बोल्ट?* मूळ गाडीला तापवून ठोकलेले रिव्हेट होते. तसं काम करणारी माणसं मिळाली असती, पण लांबट झालेल्या भोकात रिव्हेट नीट भरत नाही. नेहमीचा सैल बोल्ट तर त्याहून वाईट, तो नुसत्या आवळण्यावर धरतो आणि एक दिवस सरकतो. म्हणून भोकं रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) गोल करून एक माप वाढवली आणि त्यात घट्ट बसतील असे हाय-टेन्साइल बोल्ट लेथवर बनवून घेतले. दिसणाऱ्या बाजूला गोल डोकं ठेवलं. वेल्डिंगचा एक टाकाही चासीला लावला नाही.

*बुश कसले?* रबरी बुश घातले की ग्रीसची कटकट जाते, असा एक सल्ला आला. मूळ रचना पिन आणि धातूच्या बुशची, तीच ठेवली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने गनमेटलचे बुश काढून दिले, आतून ग्रीससाठी चर पाडून. प्रेसने बुश कमानीच्या डोळ्यात (टोकाच्या गोल वळणात) बसवला की तो आवळला जातो आणि पिन जात नाही. अशा वेळी पिन घासून बारीक करायचा मोह होतो. तसं न करता बुश बसवल्यावर आतून रीमर फिरवला. हाताच्या दाबाने पिन आत गेली आणि सोडली तर आपल्या वजनाने खाली आली नाही. मिस्त्रींनी मान डोलावली ती तिथे.

जोडणी

नव्या पाट्यांच्या मधे ग्रॅफाइटचं ग्रीस पातळ हाताने लावलं. फार चोपडायचं नाही, कारण पाट्यापाट्यांमधलं घर्षण थोडंसं शॉकअपचं काम करतं. यू-बोल्ट सगळे नवे. जुने ताणून आवळलेले यू-बोल्ट पुन्हा वापरणं ही जागोजागी चालणारी काटकसर आहे, आणि मला वाटतं, इथला सेंटर बोल्ट कातरला जायचं मूळ तिथेच होतं. यू-बोल्ट ढिले पडले की सगळा भार त्या एका बारीक बोल्टवर येतो.

सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसलं की नाही हे बोट घालून बघितलं, मगच नट लावले. नट तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळत नेले आणि शेवटचा ताण गाडी चाकांवर उतरवल्यावर दिला. डावी पूर्ण झाल्यावर उजवी खोलली.

निष्पन्न

उंची दोन्हीकडे एक सूत इकडे-तिकडे. चाकांमधल्या अंतरातला फरकही तेवढाच राहिला, आणि या वयाच्या गाडीला तो चालतो. स्टिअरिंग सरळ झालं. हौद्यात वाळूची पोती टाकून खराब रस्त्यावर फिरवून आणल्यावर यू-बोल्टचे नट पाव फेरा आणखी आवळले गेले. हे अपेक्षित असतं आणि ते वगळून चालत नाही. कमानी पहिल्या भाराने थोड्या बसल्या, दोन्ही सारख्या. काकांनी फेरी मारून आल्यावर एवढंच म्हटलं, “आता आपटत न्हाई.”

एक दुखणं मात्र वर आलं. ॲक्सल आपल्या जागी गेल्यावर पुढच्या गोल सांध्याचा कोन बदलला आणि गिअरबॉक्सचं तेल तिथून झिरपू लागलं. या गाड्यांत सांध्याच्या आतला क्रॉस (शाफ्टला वळू देणारा जोड) गिअरबॉक्सच्याच तेलावर चालतो, त्यामुळे गळती फक्त फरशी घाण करत नाही. तेल नळीतून मागे उतरत ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीत, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, भर घालू शकतं आणि तिथून ब्रेकच्या लाइनरपर्यंत जाऊ शकतं. सध्या दोन्हीकडची तेलाची पातळी तपासून गाडी जवळपासच फिरवायची, असं ठरलंय.

नोंदणीचं काम बाकी आहे. जुन्या पुस्तकात गाडी माल वाहून नेणारी म्हणून नोंदलेली आहे. खासगी वापराची नोंद झाल्याशिवाय व्हिंटेजचा अर्ज पुढे सरकणार नाही. चासीला हात न लावल्याची छायाचित्रं कामाच्या प्रत्येक टप्प्यावर काढून ठेवली आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

गोल सांध्याचं सील आणि गॅस्केट आधीच मागवून ठेवता आले असते. वर्षानुवर्षं तिरक्या बसलेल्या सांध्याला सरळ केल्यावर तो गळणार, असा अंदाज बांधणं अवघड नव्हतं. तसं केलं असतं तर भट्टीची वाट बघण्यात गेलेला वेळ या कामात घालता आला असता. उलट बाजूही आहे: सांधा उघडायचा म्हणजे ॲक्सल मागे घ्यायचं, आणि एकावेळी एकच बाजू सोडायची पद्धत मग निभली नसती.

मोजणी आधीच्या गॅरेजमध्ये झाली असती तर मधला सगळा खर्च टळला असता. ओळंबा, खडू आणि टेप यांना पैसे पडत नाहीत. पण गिऱ्हाईक ‘गाडी बसलीय’ म्हणत आलं की मिस्त्री उंचीकडेच बघणार. मालकांनी स्टिअरिंग डावीकडे धरावं लागतं हे तिथे सांगितलंच नव्हतं. कमानीशी त्याचा संबंध असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

उजव्या कमानीचे जुने पाटे भंगारात न देता तारेने बांधून शेडमध्ये ठेवले आहेत, प्रत्येकावर खिळ्याने क्रमांक कोरून. पुढे कुणाला याच गाडीचा नमुना लागला तर तो तिथे मिळेल.